थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये तुटून अडकलेला नायलॉनचा निपल : एक प्रकरण अभ्यास

गूळ आणि भाजीपाल्याची वाहतूक करणारी एक छोटी डिझेल पिकअप गाडी इंजिन गरम होत असल्याच्या तक्रारीवरून कोल्हापूरजवळच्या एका गावातील गॅरेजमध्ये नेण्यात आली होती. थर्मोस्टॅट हाउसिंगमधून, म्हणजे पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणाऱ्या झडपेच्या घरातून, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीकडे परतणारी बारीक रबरी नळी चिरली असून त्यातून पाणी झिरपत आहे, हे निदान तेथे अचूक झाले. नळी बदलताना मात्र ती निपलवर, म्हणजे नळी ज्यावर चढवतात त्या पोकळ तोंडावर, चिकटून बसली होती. ती उभी चिरून सोलून काढण्याऐवजी पक्कडीने पिळण्यात आली आणि नळीबरोबर निपलही तुटला. हा निपल काळ्या प्लास्टिकचा असून हाउसिंगच्या ॲल्युमिनियममध्ये आट्यांवर बसवलेला होता. षटकोनी डोक्याच्या मागे, ओ-रिंगसाठी (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यासाठी) जेथे खाच असते, नेमक्या तेथे तो मोडला आणि आट्यांचा संपूर्ण भाग आतच राहिला. त्यानंतर मिस्त्रींनी त्यात इझी-आउट (तुटलेले बोल्ट काढण्याचे निमुळते हत्यार) ठोकून पाहिले. तुकडा हलला नाही. उलट त्याच्या तोंडाशी उभी चीर पडली. अखेर गाडी टोचन करून कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कार्यशाळेत आणण्यात आली.

अशा प्रसंगी गाडीमालकांचा पहिला प्रश्न हाउसिंग नवे घ्यावे लागेल का, असा असतो, आणि तो रास्तही असतो. या गाडीच्या बाबतीत उत्तर सोपे नव्हते. हाउसिंग इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) ज्या पोलादी बोल्टांनी जोडलेले होते त्यांच्या डोक्यांभोवती पांढरी पूड जमली होती, म्हणजे ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये गंज धरलेला होता. ते बोल्ट सोडवताना त्यांपैकी एक जरी हेडमध्ये मोडला असता, तर प्लास्टिकच्या तुकड्याच्या जागी पोलादी तुकड्याचे काम पदरात पडले असते, आणि ते काम कितीतरी अवघड आहे. एरवी हाउसिंग टेबलावर काढून घेणे हाच उत्तम मार्ग असतो, कारण मग कीस आत पडण्याची भीती राहत नाही आणि खर्च फार तर एका गॅसकेटचा येतो. येथे मात्र तुकडा आधी जागेवरच काढून पाहावा आणि बोल्टांना हात शेवटचा उपाय म्हणूनच लावावा, असे ठरले.

निपल मोडला तो केवळ पक्कडीमुळे, असे म्हणणे अपुरे ठरेल. इंजिनातील असे भाग बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे, विशेषतः नायलॉन ६६ चे, असतात. हा पदार्थ नवा असताना चिवट असतो. पण गरम पाणी आणि कूलंटमधले ग्लायकॉल यांच्या सततच्या संपर्कात त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात आणि तो ठिसूळ होत जातो. ही झीज वरून दिसत नाही. शिवाय या गाडीत कूलंट कमी झाले की बोअरचे साधे पाणी ओतण्याची सवय होती, आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार आट्यांच्या आतल्या टोकाशी थरासारखे जमले होते. मोडलेल्या डोक्याचा छेद पाहिला असता त्यावर ताणल्याची एकही खूण नव्हती. तो काचेसारखा सरळ आणि कोरडा तुटलेला होता. चिवट नायलॉन तुटताना कडेला पांढरटपणा येतो, तोही येथे नव्हता. याचा अर्थ असा, की नळी सावकाश काढली असती तरी हा निपल पुढच्या एखाद्या दुरुस्तीत गेलाच असता.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी लागते, ती म्हणजे आटे निमुळते आहेत की समांतर. निमुळत्या आट्यांचा भाग आत जाईल तसा पाचरीसारखा आवळत जातो आणि त्याचे डोके मोडले तरी त्याची पकड तशीच राहते. समांतर आट्यांचे तसे नाही. तेथे घट्टपणा येतो तो डोके पृष्ठभागावर टेकून आटे ताणले गेल्यामुळे. डोकेच तुटून गेले की हा ताण नाहीसा होतो, आणि आत उरलेला तुकडा तत्त्वतः सैल असतो. त्याला धरून ठेवतात ते फक्त सीलंट, क्षार आणि मळ. आमच्याकडे येणाऱ्या अडकलेल्या तुकड्यांच्या कामांत हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, असे माझे निरीक्षण आहे. तुकडा ‘जाम’ झाला आहे असे धरून चालले की माणूस पहिल्या मिनिटापासून जोर लावू लागतो, आणि जो तुकडा हलक्या हाताने फिरला असता तो खरोखरच जाम होतो.

आटे कोणते हे कळण्यासाठी तुकड्याकडे पाहत बसण्यापेक्षा नवा निपल आधी आणणे सोयीचे असते. गाडीमालकांना दुकानात पाठवून तोच सुटा भाग मागवला. व्हर्नियर आणि पिच गेज लावल्यावर आटे समांतर असून १८ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) असल्याचे दिसले. आट्यांची लांबी १२ मिलिमीटर आणि मधले भोक १० मिलिमीटरचे होते. या मापाच्या आट्यांचा मुळाशी व्यास १६ मिलिमीटरहून थोडा अधिक असतो, म्हणजे भोकाची भिंत आट्यांच्या मुळापर्यंत सुमारे तीन मिलिमीटर जाड होती. पुढच्या कामात ॲल्युमिनियमला धक्का न लावता किती खोल जाता येईल, याची मर्यादा या तीन मिलिमीटरनेच ठरवून दिली. आठ फेऱ्यांत तुकडा पूर्ण बाहेर येईल, हेही त्यावरूनच कळले.

इझी-आउट का फसले, हे आता सांगता येते. हे हत्यार बनले आहे तुटलेल्या पोलादी बोल्टांसाठी. त्याचा निमुळता, डावीकडे पिळलेला दांडा भोकात जितका घुसतो तितका तो भोकाच्या भिंतीला बाहेरच्या दिशेने दाबतो. पोलादाची भिंत जाड आणि ताठ असते, त्यामुळे ती हा दाब पेलते. तीन मिलिमीटरची प्लास्टिकची नळी तो पेलू शकत नाही. ती फुगते, तिचे आटे ॲल्युमिनियमच्या आट्यांवर दाबले जातात, आणि हत्यार जेवढे फिरवावे तेवढा तुकडा अधिक आवळला जातो. येथे तर ठिसूळ झालेली भिंत फुगण्याऐवजी फुटली. प्लास्टिकच्या पोकळ तुकड्याच्या बाबतीत जोर कधीही बाहेरच्या दिशेने जाता कामा नये, तुकडा आतल्या बाजूला मिटला पाहिजे. पुढची सर्व पावले याच एका विचारावर आखली.

हाउसिंग गॅसच्या ज्योतीने तापवावे, अशी सूचनाही कार्यशाळेत झाली. लोखंडाच्या घट्ट बसलेल्या भागांवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या केला जातो आणि तेथे तो बरोबरही असतो, कारण बाहेरचा भाग आधी तापून फुगतो आणि आतला सुटतो. प्लास्टिकच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, तर साधे नायलॉन त्याच्या तिपटीहून अधिक वाढते. तापमान ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर १८ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे भोक जेमतेम पाव शतांश सेंटिमीटर, म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, मोठे होते. त्यातला साध्या नायलॉनचा तुकडा मात्र ०.०८ मिलिमीटरहून अधिक फुगू पाहतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनमध्ये ही वाढ बरीच कमी, तंतूंच्या दिशेने तर ॲल्युमिनियमच्या जवळपास असते, म्हणून तापवल्याने तुकडा फार आवळेल असे नाही, पण सुटणार मात्र नक्कीच नाही. बर्फाने थंड करण्याचा उलट मार्गही याच कारणाने फारसा उपयोगाचा नव्हता, आणि थंडीत ठिसूळपणा वाढण्याची भीती होती. क्षार विरघळवण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरण्याचा विचारही सोडून दिला, कारण ते ॲल्युमिनियमच्या आट्यांनाही सोडत नाही.

इंजिन रात्रभर थंड झालेले होते. तापलेल्या इंजिनावर हे काम करणे धोक्याचे असते. बंद कूलिंग व्यवस्थेत टाकीची टोपी सुमारे एक बार (वातावरणाइतका) जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून आटे सुटताच ते एकदम वाफेसह उसळू शकते. कूलंट हाउसिंगच्या पातळीखाली उतरेपर्यंत काढून झाकणाच्या डब्यात साठवले. ग्लायकॉल गोड असते आणि कुत्र्या-मांजरांना ते जीवघेणे ठरते, त्यामुळे ते गटारात सोडण्याचा किंवा उघड्या बादलीत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. यानंतर ग्रीस चोळलेल्या सुती कापडाची छोटी बोळी घट्ट दोऱ्याला बांधून तुकड्याच्या भोकातून पलीकडे सारली आणि दोरा बाहेर ठेवला. प्लास्टिकचा कीस थर्मोस्टॅटच्या झडपेत किंवा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसला, तर इंजिन तापण्याची मूळ तक्रार नव्या कारणाने परत आली असती.

पहिला प्रयत्न तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा केला. प्लास्टिक वितळणारे आहे की फक्त जळणारे, हे आधी तपासणे आवश्यक असते, कारण बेकेलाइटसारखे पदार्थ वितळत नाहीत, कोळसा होतात, आणि तेथे ही युक्ती चालत नाही. मोडलेल्या डोक्याला तापलेली तार टेकवल्यावर ते मऊ झाले आणि तार मागे घेताना बारीक धागा निघाला. केस जळल्यासारखा वासही आला. ही नायलॉनची ओळख आहे. त्यानंतर १२ मिलिमीटर रुंद पात्याचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेतला, म्हणजे १० मिलिमीटरच्या भोकात त्याचे पाते दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर घुसणार होते आणि आट्यांपर्यंत दोन मिलिमीटर भिंत शिल्लक राहणार होती. पाते आधी पॉलिश पेपरने चकचकीत केले. याला कारण आहे. चकचकीत पोलाद तापवताना आधी पिवळसर, मग जांभळे आणि साधारण ३०० अंशांना निळे होते. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळते. त्यामुळे पाते निळे झाले की पुरेसे तापले, असे थर्मामीटरशिवाय समजते. ते लाल होईपर्यंत तापवले तर प्लास्टिक जळून भुगा होते आणि खाच पोकळ राहते. या तापवण्याने पात्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते, म्हणून त्यासाठी टाकाऊ हत्यारच वापरावे.

पाते सरळ आत दाबून ते जागेवरच ठेवले आणि त्याच्या दांड्याभोवती ओले फडके गुंडाळले. येथे घाई झाली तर सगळे श्रम वाया जातात. प्लास्टिक पूर्ण निवून पुन्हा ताठ होईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा नसतो. कोरडे नायलॉन ६०-७० अंशांच्या पुढे नरम पडू लागते, आणि पाणी शोषलेले त्याहून बरेच आधी, म्हणजे हाताला चटका बसत नाही इतकी निवण पुरेशी नाही, हाउसिंग साध्या हवेइतके गार लागले पाहिजे. निवल्यावर स्क्रू ड्रायव्हर डावीकडे, मग किंचित उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे असा हलवला. तुकड्याची एक बाजू फिरली आणि दुसरी फिरली नाही. इझी-आउटने पाडलेली चीर आता आतल्या टोकापर्यंत पोहोचली होती, आणि तुकडा एकसंध राहिलेलाच नव्हता. चीर नसती तर तो याच पायरीवर बाहेर आला असता, असे मला वाटते, कारण सैल बाजू हाताला अगदी हलकी लागत होती. तुकड्याला खरोखर धरून ठेवले होते ते दुसऱ्या बाजूच्या क्षारांच्या थराने.

मग चिरेचाच उपयोग करून घेतला. हॅक्सॉचे पाते अर्धा इंच रुंद असते, ते १० मिलिमीटरच्या भोकात मावत नाही. म्हणून त्याचा एक तुकडा ग्राइंडरवर घासून अरुंद केला आणि एका टोकाला कापड गुंडाळून मूठ केली. दात आपल्याकडे ओढताना कापतील अशा दिशेने ठेवले, कारण मग कीस बाहेर येतो आणि हातावर ताबाही चांगला राहतो. चिरेपासून थोड्या अंतरावर, भोकाच्या आतून आट्यांच्या दिशेने, एक उभी खाच पूर्ण लांबीभर घेतली. या कामात सगळे कौशल्य थांबण्यात आहे. प्लास्टिक काळे होते, त्यामुळे येणारा कीस पांढऱ्या कागदावर धरून पाहता येत होता. त्यात एकही चकचकीत कण दिसला की पाते ॲल्युमिनियमच्या आट्यांच्या टोकांना लागले असे समजायचे. असे कण दिसण्यापूर्वीच, अर्धा-पाऊण मिलिमीटर भिंत शिल्लक असताना, खाच थांबवली. एवढी पातळ भिंत ठिसूळ नायलॉनमध्ये आपोआप फुटते, ती पूर्ण कापण्याची गरज नसते.

चीर आणि खाच यांच्यामधली पट्टी बारीक टोच्याने बाहेरच्या कडेपाशी आत ढकलली. ती कट्‌ असा आवाज होऊन सुटली आणि आकड्याने बाहेर ओढून घेतली. कमानीतला मधला दगड निघाला की बाकीची कमान स्वतःला तोलू शकत नाही, तसेच येथे झाले. उरलेल्या कड्याला आता आतल्या बाजूला मिटायला जागा होती. लांब नाकाच्या पक्कडीने त्याची कड भोकाच्या मध्याकडे दाबली तेव्हा आटे आट्यांपासून सुटल्याचे टॉर्चच्या उजेडात दिसले, आणि मग ते कडे फिरवत, काही ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी, बाहेर आले. निघालेले सगळे तुकडे नव्या निपलच्या आट्यांवर लावून लांबी जुळते का ते पाहिले. आतल्या टोकाचा एक छोटा काप कमी होता. तो बोळीच्या ग्रीसमध्ये सापडला. ही जुळवणी वेळखाऊ वाटते, पण तुकडा इंजिनात गेला की नाही हे खात्रीने सांगण्याचा दुसरा मार्ग नाही.

आट्यांमध्ये क्षार आणि नायलॉनचे पापुद्रे राहिले होते. ते काढण्यासाठी नवा धारदार टॅप (आटे पाडायचे हत्यार) थेट घालणे मला पसंत नाही. टॅप कापण्यासाठी असतो, आणि ॲल्युमिनियम इतके मऊ असते की तो जरा तिरका लागला तर जुन्या आट्यांच्या शेजारी नवे आटे पाडू लागतो. त्याऐवजी त्याच मापाच्या एका बोल्टाच्या टोकाला लेथवाल्याकडून थोडा उतार घेतला, हॅक्सॉने त्याला लांबीत खाचा पाडल्या आणि खाचांच्या कडा कानशीने घासून तो ग्रीस लावून हाताने घातला. बोल्ट आत घालताना आधी उलटा फिरवून आटे एकमेकांत बसल्याचा हलका खटका जाणवेपर्यंत थांबावे, मग सुलट फिरवावे; असे केले की आटे क्रॉस बसत नाहीत. बाहेरचा पहिला आटा इझी-आउटच्या हाणामारीत थोडा चेपला होता, बाकीचे शाबूत होते. ओ-रिंग टेकते तो पृष्ठभाग नखाने तपासला. त्यावर ओरखडा नव्हता. मग बोळी दोऱ्याने ओढून काढली आणि आतून उलट दिशेने पाणी सोडून ते भोकातून बाहेर वाहू दिले.

नवा भाग कोणता बसवावा, यावर गाडीमालकांचा आग्रह पितळेच्या निपलचा होता. उद्यमनगरात तो लेथवर तासाभरात करून मिळाला असता आणि तो पुन्हा कधी मोडला नसता, हे खरे आहे. तरीही मी त्याच्या विरोधात होतो. पितळ आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात एकत्र आले की गंजते ते ॲल्युमिनियम, आणि गंजरोधक कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरणाऱ्या गाडीत ते अधिक वेगाने गंजते. दुसरे असे, की पितळेचा निपल झिरपू लागला तर पुढचा माणूस तो जोराने आवळणार आणि या वेळी हाउसिंगचे आटे जाणार. प्लास्टिकचा निपल स्वस्त आहे आणि गरज पडली तर तोच मोडतो. हाउसिंग वाचते. आमच्यातले काही जाणकार याच्याशी सहमत नाहीत आणि अल्युमिनियमचाच निपल लेथवर करून घ्यावा, असे सुचवतात. धातू एकच राहत असल्याने त्या सूचनेत तथ्य आहे, पण आटे आवळले जाण्याचा धोका तिथेही उरतोच. अखेर मूळ पद्धतीचा नायलॉनचा निपलच बसवला.

ओ-रिंगला खनिज तेलाचे ग्रीस लावले नाही. कूलंटसाठीच्या ओ-रिंग बहुधा ई.पी.डी.एम. रबराच्या असतात आणि ते रबर खनिज तेलात फुगते. कूलंटचे दोन थेंब किंवा सिलिकॉन ग्रीस पुरेसे होते. आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा शेलॅक लावण्याचेही टाळले. समांतर आट्यांच्या जोडात पाणी अडवण्याचे काम ओ-रिंगचे असते, आणि आट्यांत भरलेला सीलंट फक्त पुढच्या वेळी तुकडा सोडवणे अवघड करतो. निपल बोटांनी शेवटपर्यंत फिरवला आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या मापाला) थांबवला. नव्या नळीला आतून कूलंट लावून ती घातली, क्लिप निपलच्या उंचवट्यामागे बसवली. कूलंट ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी यांच्या मिश्रणाचे भरले, हवा काढली, आणि टाकीच्या तोंडाला हातपंप लावून टोपीवर छापलेल्या दाबाइतका दाब दिला. काटा खाली आला नाही. इंजिन तापवून पंखा सुरू होईपर्यंत चालवले, पूर्ण निवू दिले आणि जोड पुन्हा पाहिला. तो कोरडा होता.

त्याच हाउसिंगवर त्याच वयाचा दुसरा प्लास्टिकचा निपल आहे, तो हीटरच्या नळीचा. त्याला नखाने दाबल्यावर कडेचा बारीक कण सुटला, म्हणजे तोही त्याच अवस्थेला आला आहे. तो तेव्हा बदलला नाही, कारण सुटा भाग दुकानात नव्हता. मागवलेला भाग आल्यावर त्याची नळी उभी चिरून काढायची आणि निपल डोक्याच्या षटकोनावर बॉक्स पाना लावूनच फिरवायचा, असे जॉब कार्डवर लिहून ठेवले आहे.